ज्वारीचा दाणा, कडबा आणि साखळीतला सहावा दुवा

मा. संपादक महोदय,
सादर नमस्कार.

कर्बोदके, प्रथिने आणि मेद हे शब्द आरोग्यविषयक पुरवण्यांतून आणि जाहिरातींतून, केवळ आपल्याच नव्हे तर सर्वच वृत्तपत्रांत, अलीकडे जवळजवळ रोज वाचायला मिळतात. मात्र ते ज्या अर्थाने छापले जातात तो अर्थ मला अस्वस्थ करतो. कर्बोदक म्हणजे टाळायची वस्तू, प्रथिन म्हणजे डब्यातून विकत मिळणारी पूड आणि मेद म्हणजे पोटावर साठलेली चरबी, एवढ्यावर या शब्दांची ओळख येऊन थांबली आहे. मी विदर्भातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात ३१ वर्षे जीवशास्त्र शिकवले. ज्या रेणूंनी आपले शरीर, शेतातले पीक, गोठ्यातले जनावर आणि विरजणातला सूक्ष्मजीव घडला आहे, त्या रेणूंची नावे पथ्याच्या यादीत अडकून पडावीत याचे मला मनापासून वाईट वाटते. यातून होणारे नुकसान मी वर्गात आणि वर्गाबाहेर पाहिलेले आहे, म्हणून हे सविस्तर पत्र लिहीत आहे.

आधी कर्बोदकांविषयी लिहितो, कारण सध्या सर्वाधिक रोष त्यांच्यावर आहे. ज्वारी काढली की कणसे खळ्यावर येतात आणि ताटांच्या पेंढ्या बांधून कडब्याची गंजी रचली जाते. दाणे माणसांना आणि कडबा जनावरांना, ही वाटणी आपल्याकडे इतकी जुनी आहे की तिचे कारण विचारावे असे कुणाच्या मनात येत नाही. मी वर्गात तेच विचारत असे. दाण्यातला मोठा भाग स्टार्चचा असतो आणि कडब्याच्या ताटातला मोठा भाग सेल्युलोजचा, आणि हे दोन्ही पदार्थ ग्लुकोज या एकाच साखरेचे रेणू एकापुढे एक जोडून तयार झालेले असतात. जोडणी करताना दर सांध्यामागे पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो, हेही दोन्हींत सारखेच. फरक आहे तो जोडणीच्या दिशेत. स्टार्चमध्ये ग्लुकोजचे सगळे रेणू एकाच बाजूला तोंड करून जोडलेले असतात, त्यामुळे साखळी वळत जाते आणि सैल राहते; सेल्युलोजमध्ये प्रत्येक पुढचा रेणू आधीच्याच्या उलट बसतो, त्यामुळे साखळी सरळ राहते आणि शेजारशेजारच्या साखळ्या दोरखंडाच्या पेडांसारख्या एकमेकींना घट्ट धरून ठेवतात. आपल्या लाळेत आणि स्वादुपिंडाच्या रसात असलेले अमायलेज हे विकर (एन्झाइम) पहिल्या प्रकारचा सांधा तोडू शकते, दुसऱ्या प्रकारचा तोडू शकत नाही. खरे म्हणजे दुसऱ्या प्रकारचा सांधा तोडणारे विकर बैलाच्या शरीरातही तयार होत नाही; रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटात राहणारे सूक्ष्मजीव त्यांच्यासाठी हे काम करतात. ज्या कपाशीवर आमच्या भागातले संसार चालतात, तो कापूसही सुमारे ९० टक्के सेल्युलोजच असतो. भाकरी खाणारा आणि सुती सदरा घालणारा माणूस एकच साखर दोन प्रकारे वापरत असतो, हे कळल्यानंतर 'कार्ब्ज बंद करा' या तीन शब्दांत केवढे मोठे विश्व गुंडाळून टाकले जाते ते लक्षात येते.

हे मुलांना हाताने करून पाहता यावे म्हणून मी आयोडिनचा प्रयोग घेत असे. शिजलेल्या भातावर आयोडिनचा थेंब टाकला की भात निळा-काळा होतो आणि कापसाच्या बोळ्यावर टाकला की बोळा नुसता पिवळसर तपकिरी दिसतो. एका वर्षी एका मुलाने मागच्या बाकावरून येऊन सांगितले की त्याचा सुती रुमाल भातासारखाच काळा पडला आहे, तेव्हा सर्व शिकवणे खोटे ठरले असे क्षणभर वर्गाला वाटले. विचारपूस केल्यावर कळले की त्याच्या आईने कपड्यांना कांजी केली होती, म्हणजे धाग्यातल्या सेल्युलोजवर तांदळाच्या स्टार्चचा थर बसला होता. रुमाल गरम पाण्यात चांगला धुऊन आणल्यावर तो रंग आला नाही. त्या तासाला मुले जे शिकली ते त्यांच्या लक्षात वर्षानुवर्षे राहिले, असे त्यांच्यापैकी काहींनी पुढे भेटल्यावर मला सांगितले आहे.

प्रथिनांची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे आणि माझ्या मते याहून सुंदर आहे. 'प्रोटीन' हा शब्द मुल्डर या डच रसायनतज्ज्ञाने १८३८ मध्ये रूढ केला. तो बर्झेलियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने त्याला सुचवला होता आणि ज्या ग्रीक शब्दावरून तो घेतला त्याचा अर्थ 'पहिल्या स्थानाचा' असा आहे. आपल्या 'प्रथिन' या शब्दातही 'प्रथम' ऐकू येतो, आणि म्हणून मला तो परिभाषेतल्या सर्वांत चांगल्या शब्दांपैकी एक वाटतो. स्टार्चमध्ये एकच घटक पुन्हा पुन्हा येतो. प्रथिनात मात्र २० प्रकारची अमिनो आम्ले असतात आणि ती कोणत्या क्रमाने ओवली आहेत यावर साखळीची घडी कशी पडेल आणि ती कोणते काम करील हे ठरते. त्यांतली काही पाण्याकडे ओढ असणारी असतात, काही तेलासारखी पाणी टाळणारी असतात, काहींवर विद्युतभार असतो. पाण्यात सोडल्यावर साखळी आपोआप अशी दुमडते की पाणी टाळणारे दुवे बहुधा आत दडतात आणि पाणी मानवणारे बाहेर येतात.

हे पाहण्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. गव्हाच्या कणकेचा घट्ट तिंबलेला गोळा पाण्याखाली धरून हळूहळू चोळत राहिले की पांढरे पाणी निघून जाते. ते स्टार्च असते. शेवटी हातात च्युइंगगमसारखा चिवट, ताणला जाणारा लगदा उरतो, तो गव्हातल्या प्रथिनांचा, म्हणजे ग्लुटेनचा असतो. पुरणपोळी लाटताना पारी पुरणावर ताणली जाते आणि फाटत नाही ती या प्रथिनांच्या जोरावर. ज्वारीत ग्लुटेन नसते, त्यामुळे भाकरीचे पीठ बांधून धरण्याचे काम स्टार्चला करावे लागते; उकळत्या पाण्याने स्टार्चचे कण फुगून चिकट होतात, म्हणून पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, गेली असेल तर घरातली जाणती बाई उकड काढून भाकरी करते. ज्या हातांना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे त्या हातांना त्यामागचे रेणू मात्र कुणी दाखवले नाहीत.

या विषयात आपल्या माणसांनी केलेले कामही आपण मुलांना पुरेसे सांगत नाही. कमला सोहोनी, माहेरच्या भागवत, यांना बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९३३ मध्ये केवळ स्त्री असल्यामुळे सर सी. व्ही. रामन यांनी प्रवेश नाकारला होता. त्या हटल्या नाहीत आणि अटींसह का होईना, त्यांनी प्रवेश मिळवला. पुढे केंब्रिजला जाऊन वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम सी हे श्वसनाशी निगडित प्रथिन असते हे त्यांनी दाखवले आणि १९३९ मध्ये तेथील पीएच.डी. मिळवली. मुंबईच्या विज्ञान संस्थेत परतल्यावर त्यांनी काम केले ते नीरा, कडधान्ये आणि त्यांतली प्रथिने यांवर, म्हणजे सामान्य माणसाच्या ताटातल्या रेणूंवर. कच्च्या कडधान्यांत अशी काही प्रथिने असतात की जी आपल्या आतड्यातल्या ट्रिप्सिन या पाचक विकराला अडवतात. शिजवल्यावर त्यांची घडी मोडते आणि अडथळा बराचसा दूर होतो. अशा पदार्थांचा अभ्यासही त्यांच्या प्रयोगशाळेत झाला होता. डाळ नीट शिजली पाहिजे हा आजीचा आग्रह आणि सोहोनींचे संशोधन एकाच गोष्टीविषयी होते. धान्यांत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते आणि हरभऱ्यासारख्या कडधान्यांत ते भरपूर असते, तर मेथिओनिनच्या बाबतीत हे उलट आहे. म्हणून झुणका-भाकर किंवा वरण-भात यांत एकाची उणीव दुसरा भरून काढतो. महागडी पूड घेण्याची ऐपत नाही म्हणून खंत करणाऱ्या पालकांना मी हे नेहमी सांगत आलो आहे. त्वचा तुकतुकीत करण्यासाठी कोलाजेनची पूड पिणाऱ्यांनाही एवढे सांगावेसे वाटते की पोटात गेलेले कोलाजेन अखंड राहून गालावर जाऊन बसत नाही. इतर प्रथिनांप्रमाणेच त्याचे अमिनो आम्लांत आणि लहान तुकड्यांत विघटन होते. या कोलाजेनची तिहेरी पिळाची रचना १९५० च्या दशकात मद्रासमध्ये जी. एन. रामचंद्रन यांनी मांडली, ही माहिती त्या डब्यावरच्या मजकुरापेक्षा माझ्या विद्यार्थ्यांना अधिक आवडत असे.

आता ज्या प्रसंगामुळे हे पत्र लिहिण्याची गरज मला खऱ्या अर्थाने वाटली, त्याविषयी लिहितो. माझ्या वर्गात अकरावीला एक मुलगी होती. ती एका लहान गावातून एसटीने येत असे आणि थंडीच्या दिवसांत आठ-आठ दिवस येत नसे. हातपाय आणि सांधे असह्य दुखतात, असे ती सांगायची. तिच्या अंगात रक्त कमी आहे असे सर्वांनी गृहीत धरले होते आणि जिथे तिला दाखवले जात होते तिथे वर्षानुवर्षे लोहाच्या गोळ्यांपलीकडे कुणी गेले नव्हते. शेवटी एका तपासणी शिबिरात तिचे रक्त तपासले गेले. एका लहान नळीत द्रावण घेऊन त्यात रक्ताचे थेंब टाकतात आणि नळीमागे काळ्या रेघा छापलेला कागद धरतात. द्रावण स्वच्छ राहिले तर रेघा दिसतात, गढूळ झाले तर दिसत नाहीत. तिच्या नळीतून रेघा दिसल्या नाहीत. पुढच्या तपासणीच्या अहवालावर 'एसएस', म्हणजे सिकल सेलचा आजार असल्याची, अक्षरे होती. तो कागद घेऊन ती माझ्याकडे आली आणि तिने विचारले, "सर, हे माझ्या रक्तात केव्हा शिरलं?"

मला धक्का बसला तो वेगळ्याच कारणाने. त्याच सत्रात 'बायोमॉलिक्यूल्स' (जैवरेणू) या पाठावरच्या परीक्षेत तिने सिकल सेल ॲनिमियावरचे उत्तर इंग्रजीत अचूक लिहिले होते आणि मी तिला पूर्ण गुण दिले होते. बीटा साखळीतल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते, हे वाक्य तिला पाठ होते. ते वाक्य तिच्या स्वतःच्या सांध्यांविषयी आहे हे तिला कळले नव्हते, आणि तिच्या गैरहजेरीची कारणे ऐकूनही ते मला सुचले नव्हते. याची जबाबदारी मी माझ्याकडे घेतो.

त्या दिवशी मी तिला जे मराठीत समजावले तेच येथे लिहितो. रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या एका रेणूत चार साखळ्या असतात, दोन अल्फा आणि दोन बीटा, आणि त्यांत मिळून ५७४ अमिनो आम्ले असतात. बीटा साखळीत १४६ दुवे असतात. त्यांतला फक्त सहावा दुवा बदललेला असतो. मूळ जागी असते ते ग्लुटामिक आम्ल, ज्याच्यावर विद्युतभार असतो आणि जे पाण्यात रमते. त्याच्या जागी आलेले व्हॅलिन पाणी टाळणारे असते. हिमोग्लोबिनने ऊतींना ऑक्सिजन देऊन टाकला की हा पाणी टाळणारा दुवा शेजारच्या रेणूतल्या एका खाचेत जाऊन बसतो, मग त्याला तिसरा रेणू चिकटतो, आणि पाहता पाहता पेशीच्या आत लांब, ताठ तंतू तयार होतात. गोल, लवचीक लाल पेशी विळ्याच्या आकाराची होते, अरुंद केशवाहिन्यांत अडकते आणि पुढचा रक्तपुरवठा थांबतो. तिचे सांधे दुखत ते यामुळे. निरोगी लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही पेशी १० ते २० दिवसांतच मोडते, म्हणून रक्त कमी पडते. लोह कमी असल्यामुळे ते घडत नव्हते. आणि हे तिच्या रक्तात बाहेरून केव्हाच शिरलेले नव्हते. आई आणि वडील दोघांकडून आलेल्या जनुकांत एका ठिकाणी एका अक्षराच्या जागी दुसरे अक्षर होते, आणि आईवडिलांना स्वतःला त्रास नसल्यामुळे त्यांना ते माहीत असण्याचे काही कारणच नव्हते. दोघेही वाहक असतील, म्हणजे प्रत्येकात असे एक जनुक असेल, तर दर गर्भधारणेत मुलाला हा आजार होण्याची शक्यता चारात एक असते. यात कुणाचा दोष नाही, हे मी तिला दोनदा सांगितले.

हा आजार रेणूचा आहे, हे अमेरिकन रसायनतज्ज्ञ लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये दाखवले आणि नेमका कोणता दुवा बदलतो ते काही वर्षांनी व्हर्नन इन्ग्रम यांनी केंब्रिजमध्ये शोधले. आपल्याकडे गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबार आणि मेळघाटात तो आजही घराघरांत आहे. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल येथून सिकल सेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले, त्यात ७ कोटी लोकांच्या तपासणीचे आणि २०४७ पर्यंत आजार संपवण्याचे उद्दिष्ट आहे. या अभियानाविषयी मला आदर आहे. पण तपासणीनंतर हातात येणारा कागद ज्याला वाचता येत नाही, त्याच्यापर्यंत अभियान अर्धेच पोहोचते.

जनुकांविषयी लिहिताना वर मी 'अक्षर' म्हटले ते डीएनएविषयी, आणि जैवरेणूंच्या चार घराण्यांतले नेमके हेच, न्यूक्लिक आम्लांचे घराणे, आहाराच्या तक्त्यात कधीच दिसत नाही. ते आपल्या प्रत्येक घासात असते. बारीक वाटलेल्या कांद्यात मीठ आणि भांडी घासण्याच्या साबणाचे थोडे द्रावण मिसळून दहा-पंधरा मिनिटे ठेवावे, पातळ कापडातून गाळावे आणि त्या पाण्यावर बर्फासारखे थंड केलेले स्पिरिट पेल्याच्या कडेने अलगद सोडावे. साबण पेशींची मेदयुक्त पटले फोडतो, मिठामुळे डीएनएवरचा ऋणभार झाकला जातो आणि डीएनए स्पिरिटमध्ये विरघळत नाही. दोन थरांच्या सीमेवर पांढरे, शेंबडासारखे धागे वर येऊ लागतात आणि काडीला गुंडाळता येतात. हा पदार्थ स्वित्झर्लंडच्या फ्रीड्रिश मीशर यांना १८६९ मध्ये जर्मनीतल्या ट्यूबिंगेन येथे जखमांच्या पट्ट्यांवरच्या पुवात प्रथम सापडला होता. आठवीच्या मुलांनाही हा प्रयोग जमतो. काडीवरचा तो धागा पाहून मुले जशी गप्प होतात तशी दुसऱ्या कोणत्याही प्रयोगाने झालेली मी पाहिली नाहीत. हा धागा वाचून अमिनो आम्लांचा क्रम ठरतो कसा, ते उलगडण्यात हर गोविंद खुराना यांचा मोठा वाटा होता आणि त्यासाठी त्यांना १९६८ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

मेदांविषयी थोडक्यात लिहितो. पेशीला आत आणि बाहेर असा भेद मिळतो तो मेदाच्या दोन थरांमुळे. ते पटल नसते तर वरचे सर्व रेणू एकाच पाण्यात विखुरले असते. ज्या कोलेस्टेरॉलची एवढी भीती घातली जाते त्याच्यावाचून हे पटल नीट टिकत नाही आणि ड जीवनसत्त्वही त्याच्याच पूर्वरूपापासून बनते. रक्तात ते प्रमाणाबाहेर वाढणे धोक्याचे आहे, हे खरेच आहे आणि डॉक्टरांचा सल्ला त्याबाबत मानलाच पाहिजे.

'केमिकल-फ्री' या शब्दाविषयीही माझी तक्रार आहे. साबणापासून गुळापर्यंत कशावरही तो छापला जातो. सजीवांतले पदार्थ एका वेगळ्या प्राणशक्तीनेच बनतात असा समज एकेकाळी होता. १८२८ मध्ये जर्मन रसायनतज्ज्ञ व्होलर यांनी प्राण्यांच्या मूत्रात आढळणारा युरिया प्रयोगशाळेत तयार केला, तेव्हापासून तो समज ढासळू लागला. गूळ हा मुख्यतः सुक्रोज आहे आणि सुक्रोज हे रसायन आहे. कीटकनाशकाचा अंश नको असेल तर तसे स्पष्ट लिहावे; ती मागणी रास्त आहे आणि मीही ती करतो.

माझ्या त्या विद्यार्थिनीच्या बाबतीत जे घडले त्याचे एक मोठे कारण भाषेचे आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यमाची मुले प्रथिने, कर्बोदके, पेशी, विकर हे शब्द वापरतात. अकरावीच्या विज्ञान शाखेत पाठ्यपुस्तक इंग्रजीत येते आणि तेच पदार्थ एका रात्रीत परके होतात. इंग्रजीला माझा विरोध नाही, पुढच्या शिक्षणासाठी ती लागतेच. परंतु त्या पाठाबरोबर मराठी संज्ञा आणि आपल्या परिसरातली उदाहरणे देणारी आठ-दहा पानांची पूरक पुस्तिका पाठ्यपुस्तक मंडळाला सहज काढता येईल, आणि सिकल सेलचा प्रादुर्भाव असलेल्या जिल्ह्यांत तिच्यात तपासणीच्या अहवालाचा नमुना छापून 'एए' (निरोगी), 'एएस' (वाहक), 'एसएस' (आजार) या अक्षरांचा अर्थ देता येईल. आपल्याला माझी विनंती अशी आहे की आरोग्य पुरवणीत एखाद्या पदार्थाचे नाव बरे किंवा वाईट म्हणून छापले जाते तेव्हा तो पदार्थ कशाचा बनलेला आहे हे त्याच लेखात दोन ओळींत मराठीत सांगितले जावे, आणि शक्य झाल्यास महिन्यातून एकदा या विषयासाठी अर्धे पान राखले जावे.

ती मुलगी आता परिचारिका आहे आणि तपासणी शिबिरांत नळीमागे रेघांचा कागद धरण्याचे काम करते. लोकांना काय सांगावे याचा तिने मराठीत लिहिलेला एक पानी मजकूर माझ्याकडे आहे. आपण छापणार असाल तर तिच्या संमतीने तो पाठवतो.

कळावे, लोभ असावा.

आपला विश्वासू,
एक निवृत्त जीवशास्त्र शिक्षक
जिल्हा चंद्रपूर